गोपाळकृष्णाच्या परसातली ऋषीची भाजी

रंगभूमीवर असताना लोकांना दचकवणं हा माझा धंदाच होता. मेलेली राणी शेवटच्या अंकात जिवंत करायची, साधूची दाढी ओढून आतून राजपुत्र काढायचा. समोरच्या बाया किंचाळायच्या आणि आम्ही विंगेत तोंड दाबून हसायचो. पण मी स्वतः जन्मात खरा दचकलो तो एकदाच. तिथे ना पडदा होता, ना पावडर, ना शिट्टी. लोणावळ्यातलं एक स्वयंपाकघर होतं, ऋषिपंचमीची दुपार होती आणि केळीच्या पानासमोर बसलेली एक म्हातारी होती.

त्या म्हातारीचा मुलगा गोपाळकृष्ण. ही हकिकत त्याची आहे.

गोपाळकृष्ण आमच्या नाटक कंपनीत तंबोरे लावायचा. तालमीला, नांदीला आणि गवयांच्या बैठकीत मागे बसून तारा छेडायचा. जाहिरातीत त्याचं नाव कधी छापलं गेलं नाही आणि का छापलं नाही हे त्यानेही कधी विचारलं नाही. अंगाने काटकुळा, बोलणं हळू, गालात सुपारीचं खांड. गाणारा सुरात असला की हा डोळे मिटून घ्यायचा आणि बेसूर झाला की खोकायचा. त्या खोकल्याला आमचे भलेभले नट भ्यायचे.

त्याचं घर लोणावळ्याच्या गावठाणात, इंद्रायणीच्या अंगाला. वडील भिक्षुकी करायचे. ते गेले, वर्षश्राद्ध झालं, आणि मिसरूडही न फुटलेला हा मुलगा आईला "वाण्याकडून गूळ आणतो" असं सांगून बाहेर पडला, तो थेट पुण्याच्या गाडीत जाऊन बसला. पुण्यात आमच्या कंपनीचा मुक्काम होता. त्याला गाणं हवं होतं. आईला काय हवं होतं ते विचारायला तो थांबला नाही.

काही वर्षांनी तो पहिल्यांदा घरी गेला, लुगडं आणि पेढे घेऊन. आईला सगळे माई म्हणत. माईंनी लुगड्याला हात लावला नाही. पेढ्यांचा पुडा उचलून गाईपुढे ठेवला आणि अंगणातल्या तुळशीकडे तोंड करून म्हणाल्या, "नाटकाच्या मिळकतीचं अन्न माझ्या पोटात जायचं नाही." त्या दिवसापासून त्या त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. जे सांगायचं ते तुळशीला.

पुढे बोलपट आले आणि आमच्या कंपनीचे दिवे विझले. साल तेहेतीस असेल, चौतीस असेल. मला मागेपुढे कुणी नव्हतं. गोपाळकृष्ण म्हणाला, "चल लोणावळ्याला. आई काही म्हणालीच तर तुळशीला म्हणेल, तुला नाही."

घरात माई, गोपाळकृष्णाचा धाकटा भाऊ बाळ आणि बाळची बायको अरुंधती. बाळ रेल्वेत नोकरीला; पाळ्यांपायी घरी सापडेल तेव्हा खरा. घर चालवायच्या त्या अरुंधतीवहिनी. आम्ही पहिल्या दिवशी पानावर बसलो तेव्हा माई माजघराच्या उंबऱ्यावरून अंगणात बघत म्हणाल्या, "तुळशीबाई, पाहुण्यांना ताक वाढलं का विचारा हो."

पाहुणे दोघे. एक मी, दुसरा पोटचा मुलगा. मी घास तोंडाशी धरून बघतच राहिलो. नाटकात आम्ही स्वगतं म्हणायचो, ती फार तर पानभर. या बाईने आपलं स्वगत पंधरा-वीस वर्षं चालवलं होतं!

गोपाळकृष्णाची एकच इच्छा उरली होती. आईने आपल्या हातचं एकदा खावं. ओसरीवर बसून तो मला म्हणाला, "मिळकतीचं नको ना तिला? मग मिळकत नकोच. पण दुसरं काय आहे रे माझ्या हातात?"

वाट दाखवली अरुंधतीवहिनींनी. "भाऊजी, ऋषिपंचमीला आम्हा बायकांना बैलाच्या कष्टाचं चालत नाही. नांगरल्या रानातलं नाही, घाण्याचं तेल नाही. माणसाने हाताने खणून लावलेलं तेवढंच खायचं. तुम्ही परसात भाजी लावा. त्याला माई नाही कशा म्हणतील?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात गेलो तर जन्मात तंबोऱ्याहून जड काही न उचललेला माणूस कुदळ घेऊन उभा, आणि कुदळीचा दांडा तिच्यातून निघून पेरूच्या झाडाखाली पडलेला. तरी तो मागे हटला नाही. वैशाख होता, जमीन दगडासारखी. रोज थोडं खणायचा आणि तळहातांना तूप लावत ओसरीवर बसायचा.

कुरवंड्याहून अंबूबाई सरपणाची मोळी घेऊन यायची. तिने पदराच्या गाठीतून भेंडी, दोडका आणि लाल माठाचं बी दिलं. आठवड्याने येऊन तिने वाफा पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"आवं भाऊ, ह्ये काय? भेंडी हाय का तमाशाचं पब्लिक? येकीच्या मांडीवर येक बसवल्यात!"

"तमाशा नव्हे हो बाई, नाटक," मी म्हणालो.

"त्येच त्ये. गर्दी झाली म्हंजी कुनालाच धड बसाया मिळत न्हाई. उपटा निम्मी."

गोपाळकृष्णाला एकही रोप उपटवेना. तो त्यांना तीन-तीनदा पाणी घालायचा. पानं पिवळी पडली की त्यांच्यापुढे उभा राहून खोकायचा. भेंडीवर त्या खोकल्याचा काही परिणाम झाला नाही.

न्हाणीघराच्या भिंतीशी, चुलीची राख पडायची तिथे, त्याने आपल्या ट्रंकेतली एक पुरचुंडी सोडली. भोपळ्याच्या बिया. कंपनीचे तंबोरे दुरुस्तीला मिरजेला न्यावे लागत. तिथल्या तंबोरे घडवणाऱ्या तंतकाराच्या अंगणात हंड्याएवढे भोपळे वाळत टांगलेले असत. त्यातला एक फोडताना सांडलेल्या बिया याने हौसेने उचलून आणल्या होत्या.

"या विकत घेतलेल्या नाहीत," तो मला म्हणाला. "जमिनीवर सांडलेल्या. यांना नाटकाचा पैसा लागलेला नाही."

भोपळा घुमतो कसा हे आम्हा दोघांना चांगलं ठाऊक होतं. तो लागतो कसा, याची चौकशी आम्ही कधी केली नव्हती. ताटात पडलेला दुधी खायचा आणि मांडीवर घेतलेला भोपळा वाजवायचा. दोन्ही भोपळेच, असा आमचा हिशेब.

वेलाला चार पानं आली तेव्हा अंबूबाईने विचारलं, "ह्ये बेणं कुटलं?"

"मिरजेचं."

"आगं बया! मिरजेचं? मंग लय भारी आसंल."

मिरज कुठल्या दिशेला आहे हे तिला ठाऊक नव्हतं. पण लांबून आलेल्या गोष्टीचा मान ठेवायची तिची रीत होती.

आषाढात लोणावळ्याच्या पावसाने बाग धुऊन नेली. माठ वाफ्यातच कुजला. भेंडी पाण्यात उभ्या उभ्या काळी पडली. दोडक्याचा मांडव एका रात्रीत आडवा झाला. गोपाळकृष्ण डोक्यावर इरलं घेऊन गुडघाभर चिखलात बांबू रोवायचा आणि ते पुन्हा पडायचे. माई खिडकीच्या गजांतून बघायच्या आणि बाहेर भिजणाऱ्या तुळशीला ओरडून सांगायच्या, "काही लोकांना न्युमोनिया हवाय! घरात कोरडं धोतर आहे म्हणावं!"

हे ऐकलं की तो चिखलातून माझ्याकडे बघून हसायचा. त्या वर्षी त्याला बागेतून मिळालेलं पहिलं पीक हेच.

सगळं गेलं, पण मोरीजवळचा अळू तगला आणि न्हाणीघराच्या भिंतीशी राखेत रुजलेला तो वेल तगला. कौलांवर चढला, पसरला. श्रावणात तिन्हीसांजेला त्याची पांढरी फुलं उमलायची आणि मग भोपळे धरले, गोल, पोपटी, अंगावर बारीक लव. गोपाळकृष्ण शिडीवर चढून त्यांना टिचकी मारायचा आणि कान लावायचा. "अजून कोवळा आहे. आवाज ओला येतो."

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आज घरात अळूशिवाय भाजी नाही. एक काढा की त्यातला."

"नाही वहिनी. पहिलं फळ ऋषींना."

आतून माईंचा आवाज आला. "तुळशीबाई, ऐकलंत? पहिलं फळ ऋषींना म्हणे." मग जरा थांबून, "हाताने पिकवलेलं आहे. बैल लागला नाही, नाटक लागलं नाही. खायला हरकत नाही."

गोपाळकृष्ण शिडीच्या मधल्या पायरीवरच बसला. मी हात धरला म्हणून पडला नाही.

ऋषिपंचमीच्या सकाळी पाऊस थांबला होता. माई, अरुंधतीवहिनी आणि शेजारच्या सुनेत्राबाई आघाड्याच्या काड्या घेऊन नदीवर अंघोळीला गेल्या. जाताना वहिनींनी भाजीची रीत सांगितली. अळूची देठं सोलून चिरायची, घशाला खाजू नये म्हणून चिंचेचा कोळ घालायचा, भोपळ्याच्या फोडी, वरून खोबरं, ओली मिरची, तुपाची फोडणी. मीठ नाही, सैंधव.

गोपाळकृष्णाने सोवळं नेसून चूल पेटवली. मी सोवळ्याच्या बाहेर, दाराशी पाट टाकून बसलो. कोवळे भोपळे विळीवर सरसर चिरले जात होते. आत पांढरा गर, मऊ बिया. पातेल्यातून वाफ निघाली तेव्हा तो म्हणाला, "बघ, कसा शिजतोय."

"चाखून बघ," मी म्हणालो.

त्याने पळी खाली ठेवली. "नैवेद्य आहे हा. देवाच्या आधी मी उष्टा करू?"

कंपनीत दौऱ्यावर असताना याने सोवळं-ओवळं कधी पाळलं नव्हतं. स्टेशनवर मिळेल ते खाल्लं होतं. पण त्या दिवशी तो आईपेक्षा कडक झाला होता. जिभेला थेंब लावेना.

बायका आल्या. पाटावर सुपाऱ्या मांडून ऋषींची पूजा झाली, नैवेद्य दाखवला. मग तिघी पानावर बसल्या आणि गोपाळकृष्णाने वाढलं. हातसडीच्या वरईचा भात, दही आणि ती भाजी. माईंच्या पानात त्याने पळीभर भाजी वाढली. वाढून तो दारात येऊन माझ्याशेजारी उभा राहिला.

सुनेत्राबाईंनी पहिला घास घेतला आणि त्यांचं तोंड असं वाकडं झालं की मला वाटलं त्यांना झटका आला. पदर तोंडाशी धरून त्या उठल्या आणि मोरीकडे पळाल्या. वहिनींनी घास घेतला, डोळे विस्फारले, आणि त्याही मागोमाग. मोरीतून थुंकण्याचे आवाज आले.

"कडू जहर! अगं बाई, कडू जहर!"

गोपाळकृष्ण पांढराफटक पडला. मी पानाकडे पाहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला. माई जेवत होत्या.

शांतपणे जेवत होत्या. एक घास, दुसरा घास. चेहऱ्यावरची सुरकुती हलत नव्हती. घशाशी आवंढा अडायचा, तो पाण्याच्या घोटाने खाली ढकलायच्या आणि पुन्हा हात भाजीकडे.

"माई, टाका ते!" वहिनी मोरीतून ओरडल्या.

"आई!" गोपाळकृष्ण म्हणाला. "आई, नको! थुंक! थुंकून टाक!"

माईंनी पान पुसून काढलं. देठाचा तुकडासुद्धा ठेवला नाही. चूळ भरली, पदराने तोंड टिपलं आणि भिंतीला टेकून बसल्या. ती भाजी मी नंतर बोटाने जिभेला लावून पाहिली. जीभ तासभर आपली वाटेना. आणि या बाईने ते पळीभर खाल्लं होतं, उपाशी पोटी.

थोड्याच वेळात त्यांना उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब. हातपाय गार पडले, डोळे खोल गेले. बाळ घरी होता, तो धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि काय खाल्लं ते विचारलं. उरलेली कच्ची फोड त्यांनी जिभेच्या टोकाला लावली आणि खिडकीतून बाहेर थुंकले.

"हे बी आणलं कुठून?"

"मिरजेहून," गोपाळकृष्ण पुटपुटला. "तंतकाराकडचं."

"अहो, मग हा तंबोऱ्याचा भोपळा! कडू असतो म्हणून त्याला कीड लागत नाही, म्हणून तर वाद्याला घेतात. हे कुणी खातं का? माणूस दगावतो याने."

हे ऐकून गोपाळकृष्णाचा चेहरा जसा झाला तसा मी रंगभूमीवर कुणाचा करून दाखवलेला पाहिला नाही. ज्या घरात नाटकाचा कण जायचा नाही म्हणून त्याने तळहाताची सालं काढली, त्याच घरात आईच्या पोटात त्याने काय घातलं होतं? तो बाहेर धावला, शिडीवर चढला आणि दोन्ही हातांनी वेल ओरबाडायला लागला. कौलं खाली पडून फुटू लागली.

"भाऊजी!" वहिनी दारातून कडाडल्या. "वेल कुठे पळत नाही! आधी आत या आणि चमचा धरा!"

लिंबू, साखर, सैंधव घातलेलं पाणी चमच्याचमच्याने पाजायचं होतं. तो आईच्या उशाशी बसला. पाजलेलं उलटून पडायचं, तो पुन्हा पाजायचा. मी दाराशी बसून देवाला नवस बोललो, नटाचा नवस देव ऐकतो की नाही हे माहीत नसताना. दिवेलागणीला ओकाऱ्या थांबल्या. हातांना ऊब आली. डॉक्टर म्हणाले, आता झोपू द्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओसरीवर आलो तर गोपाळकृष्ण ट्रंक बांधत होता.

"कुठे?"

"मुंबईची गाडी आहे. काहीतरी काम मिळेल. तू राहा इथे, वहिनी नाही म्हणायच्या नाहीत." त्याचा आवाज कोरडा होता. "मी या घरात जे आणतो त्याने तिचं वाईटच होतं. तुळशीला तरी किती सांगेल ती?"

मी त्याला काय समजावणार? जन्मभर दुसऱ्यांनी लिहून दिलेली वाक्यं म्हणून दाखवलेला मी. त्याने ट्रंक उचलली. तेवढ्यात माजघराच्या दारात माई. भिंतीला धरून उभ्या, पाय लटपटत होते, मागून वहिनी सावरत होत्या. तोंड तुळशीकडे नव्हतं.

"गोपाळ, ती ट्रंक खाली ठेव."

ट्रंक खाली पडली. ठेवली म्हणता येणार नाही. मी दोन पावलं मागे सरलो, मेलेला माणूस उठून बसल्यावर कुणी सरावं तसा.

"आई..."

"बोलू नकोस मधे. डोकं फिरलं होतं का तुझं? वाजवायच्या भोपळ्याची भाजी! घरात बायकामाणूस आहे, तिला बी दाखवायचं सुचलं नाही? आणि कौलं कोण शाकारणार? रात्रभर न्हाणीघरात पाऊस पडलाय. धोतर बघ ते, चिखलाने भरलंय, तसाच निघालायस मुंबईला! लोक म्हणतील, आई धुऊन देत नाही."

थांबेनात. इतक्या वर्षांचं साठलेलं, एकामागून एक बाहेर पडत होतं. तो समोर उभा राहून ऐकत होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

माई दमल्या, खाली बसल्या, तेव्हा त्याने विचारलं, "आई, कडू लागलं तेव्हाच टाकलं का नाहीस?"

माईंनी त्याच्याकडे असं पाहिलं जसं एखाद्या मतिमंदाकडे बघावं.

"तू दारात उभा होतास. मी थुंकले असते तर तू तेव्हाच्या तेव्हा स्टेशनवर गेला असतास. तुझ्या बापाच्या वर्षश्राद्धानंतर मी गुळाची वाट बघत चूल पेटती ठेवली होती, ठाऊक आहे तुला? पुन्हा नाही बघवत मला ती वाट. त्यापेक्षा कडू बरं."

अरुंधतीवहिनी तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात गेल्या. मीही परसात निघून गेलो. त्या दोघांत माझं काही काम नव्हतं.

गोपाळकृष्ण मग लोणावळ्यातच राहिला. गावातल्या भजनाला साथ करायचा, दोन मुलांना पेटी शिकवायचा आणि बाग करायचा. बी अंबूबाईकडूनच घ्यायचा. सगळा प्रकार ऐकल्यावर अंबूबाईने कानांना हात लावले. "म्या म्हनलंच व्हतं, लांबचं बेणं वंगाळ." तिने असं काही म्हटलं नव्हतं, पण आम्ही वाद घातला नाही.

पुढच्या ऋषिपंचमीला भेंडी होती, पडवळ होता, अंतर ठेवून लावलेला लाल माठ होता. पुन्हा त्यानेच चूल पेटवली. पूजा मांडून झाली, नैवेद्याचं पान तयार, सुनेत्राबाई हातात निरांजन घेऊन उभ्या. तेवढ्यात माई सोवळ्यात आत गेल्या, भाजीची एक फोड त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "गोपाळ, आधी तू खा."

सुनेत्राबाईंच्या हातातलं निरांजन कलंडता कलंडता राहिलं. "अहो माई! नैवेद्य उष्टा? ऋषींच्या आधी?"

माझाही माझ्या कानांवर विश्वास बसेना. एका पेढ्यासाठी मुलाला तोडलेली ही बाई!

"ऋषी वर आकाशात आहेत," माई म्हणाल्या. "त्यांना ओकाऱ्या होत नाहीत. आम्हाला होतात. खा रे."

त्याने फोड तोंडात टाकली. तिन्ही बायका त्याच्या चावण्याकडे बघत होत्या.

"आता बोल की!"

"सैंधव कमी आहे, आई."

"मग घाल," माई म्हणाल्या, आणि डब्याचं झाकण काढून त्याच्यापुढे धरलं.